बाळंतिणीचा लॅपटॉप

रुंजी पहिल्यांदा पालथी पडली त्याच सकाळी माझ्या लॅपटॉपने मान टाकली. ती सतरंजीवर पोटावर पडून, स्वतःच्याच पराक्रमाने चकित होऊन माझ्याकडे बघत होती, आणि मी दोन्ही अंगठे यंत्राच्या कडेच्या पट्ट्यांवर दाबून काळ्या पडद्याकडे बघत होते. ना दिवा, ना आवाज.

"कौस्तुभ, हा उठत नाहीये."

"कोण, रुंजी?" तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

"रुंजी उठली, पालथीही पडली. लॅपटॉप."

कौस्तुभ ओल्या हातांनीच धावत आला आणि लॅपटॉपकडे ढुंकूनही न बघता सतरंजीवर आडवा झाला. बापलेकीचं कौतुक उरकेपर्यंत मी चार्जरची पिन काढून पुन्हा लावली. माझी सहा महिन्यांची रजा अजून संपली नव्हती. ती मी स्वतःच तोडली होती, कारण पुढच्या सोमवारी जिल्ह्याच्या बांधकाम समितीपुढे माझा साकव जायचा होता.

साकव म्हणजे वहाळावरचा, ओढ्यावरचा पायपूल. आंबेकोंड नावाच्या गावात वहाळापलीकडे एक वाडी आहे. तिथला साकव पुरात वाहून जातो, पुन्हा बांधतात, पुन्हा जातो. मी ज्या रत्नागिरीच्या कंपनीत आराखडे करते, तिथे सगळ्यांचं म्हणणं होतं की आता सरळ काँक्रीट ओतावं. मला मात्र पाण्याशी भांडणारा साकव नको होता. माझा साकव पाण्याबरोबर वर उचलला जाणार होता. दोन्ही काठांवर खांब, खांबांवरून सरकणाऱ्या कड्या, मध्ये दाबून चिकटवलेल्या बांबूच्या पट्ट्यांचा हलका तराफ्यासारखा रस्ता. पाणी चढलं की तो चढणार. रुंजी पोटात होती ते सगळे महिने मी त्याची गणितं सोडवली. ती गणितं, ती चित्रं, सगळं त्या काळ्या पडद्यामागे होतं.

"दुसऱ्या कॉम्प्युटरवरून काढ की," कौस्तुभ म्हणाला.

"ढगात प्रत आहे. पण तिलाही हीच किल्ली."

किल्लीबद्दल सांगायला हवं. बोटांचे ठसे काचेवरून उचलता यायला लागले, चेहरे आणि आवाज कुणीही घरबसल्या बनवायला लागलं, तेव्हा कामाच्या यंत्रांना हृदयाची किल्ली आली. हृदय प्रत्येक ठोक्याला एक बारीकशी वीज सोडतं. ती सबंध अंगभर पसरते, बोटांच्या टोकांपर्यंत. डावा अंगठा एका पट्टीवर आणि उजवा दुसऱ्या पट्टीवर ठेवला की छातीतून आरपार जाणाऱ्या त्या विजेची लाट यंत्राला वाचता येते. दवाखान्यात ईसीजीच्या कागदावर जी डोंगररांग उमटते ना, तीच. प्रत्येकाची डोंगररांग वेगळी. यंत्र वेग मोजत नाही, आकार बघतं. पाव मिनिट आकार जुळला की ते जागं होतं.

आणि जुळला नाही तर काहीच करत नाही. तांबडा दिवा नाही, 'चूक' असा संदेश नाही. चोराला कळू नये की हे कुलूपबंद आहे की मेलेलं, म्हणून ते मुद्दाम मेल्यासारखं पडून राहतं. सोय चोरासाठी केली होती. फसले आम्ही.

कौस्तुभ आंब्याचा रस साठवायच्या शीतगृहात यंत्रं सांभाळतो. त्याच्या मते जगातला कुठलाही बिघाड आधी विजेचा असतो, मग गॅसचा. त्याने लॅपटॉप तीन सॉकेटमध्ये फिरवला, शेजाऱ्यांचा चार्जर आणला, पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. माझे अंगठे पुसले. शेवटी रुंजीचा अंगठा पट्टीवर टेकवला.

"तिचा कशाला?"

"आख्खं घर तिच्यावरच चालतं. म्हटलं बघावं."

रुंजीने पट्टी चाटली. लॅपटॉप ढिम्म.

* * *

दुसऱ्या दिवशी रुंजीला पोटाशी झोळीत बांधून मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरमागे फरझाना मुकादम नावाची माझ्याच वयाची मुलगी बसली होती. तिने यंत्राची पाठ उघडली, मीटर लावला, बॅटरी बघितली, बोर्ड बघितला, आणि पाठ पुन्हा बंद केली.

"ताई, हा ठणठणीत आहे."

"मग चालू का होत नाही?"

"तो तुम्हाला ओळखत नाहीये." तिने तपासणीची तार जोडली आणि मला अंगठे ठेवायला सांगितलं. तिच्या पडद्यावर एक रेघ थरथरली. "बघा, तुमचा ठोका त्याच्यापर्यंत पोचतोय. पण त्याच्याकडे साठवलेल्याशी जुळत नाही. साठवलेला मला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. मला फक्त हो की नाही एवढं कळतं. इथे 'नाही' येतंय." मग ती थोडी संकोचली. "हार्टचा काही त्रास? ऑपरेशन वगैरे?"

"नाही. बाळंतपण झालं."

तिने कंपनीची सूचनांची यादी उघडली. झटका, झडपेची शस्त्रक्रिया, पेसमेकर, गंभीर अपघात, प्रत्येकासाठी आधीच नवी नोंद करून ठेवायची सोय होती. ती वरपासून खालपर्यंत बघत गेली आणि मान हलवली. "बाळंतपण यात नाहीच."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या डोक्यात आलं नसेल." ती झोळीतल्या रुंजीकडे बघून म्हणाली, "मी हा कोरा करून देऊ शकते. नवी नोंद होईल. पण आतलं सगळं जाईल."

मी लॅपटॉप परत घेतला.

संध्याकाळी इनामदार मॅडमचा फोन आला. मॅडम आमच्या कंपनीच्या प्रमुख. मायाळू बाई, पण त्यांच्या मायेला घड्याळ लावलेलं असतं.

"सानिका, अगं मला खरं सांग, होणार आहे का तुझं?"

"होईल, मॅडम. यंत्र बरं आहे. फक्त उघडायचंय."

"शुक्रवारपर्यंत वाट बघते. मग तो लॅपटॉप कोरा करायला पाठव आणि आपण काँक्रीटचा आराखडा मांडू. तो तयारच आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. बाळ लहान आहे, कुणी काही म्हणणार नाही."

कुणी काही म्हणणार नाही, हेच तर मला सहन होईना. वाडीतल्या बायांना मी नकाशा दाखवला होता, सातवा महिना असताना, वहाळाच्या काठावर हाशहुश करत उभी राहून. त्यांनी मला बसायला पाट दिला होता. आता त्यांना काँक्रीट मिळालं असतं, तेही पहिल्या मोठ्या पुरापर्यंत, आणि मला सहानुभूती.

* * *

आई मिरजेला असते. गुरुवारी सकाळी रुंजीला तेल लावताना मी तिला व्हिडिओ कॉल लावला. खरं तर रुंजीचं पालथं पडणं दाखवायला, पण बोलता बोलता लॅपटॉपचं गाऱ्हाणं निघालं.

"माझ्याकडे होतीस तेव्हा तर चालायचा," आई म्हणाली.

"हो ना."

"बाळंतीण असून तास-तास त्याच्यावर बसायचीस. मी ओरडायचे."

"हो गं आई."

"मग काय तर. माझ्याकडे पोट बांधून बसायचीस. तिकडे गेलीस आणि दुसऱ्या दिवसापासून पोट बांधायचं सोडलंस. पोट सुटलं आणि लॅपटॉपही गेला. भोगा आता."

हा टोमणा मी रत्नागिरीला आल्यापासून वेगवेगळ्या चालींवर ऐकत होते. पाठ दुखली, पोट बांधलं नाही. केस गळले, पोट बांधलं नाही. मी नेहमीप्रमाणे "बरं बरं" म्हणणार होते. पण माझे तेलकट हात रुंजीच्या पोटावर थांबले.

"आई, तू कसं बांधायचीस?"

"कसं म्हणजे? खालून वर. ओटीपोटापासून धरायचं आणि बरगड्यांपर्यंत आणायचं. घट्ट."

खालून वर. मी उठून उभीच राहिले. रुंजी नाराज झाली.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं, ताणलेल्या पडद्यासारखं. हृदय त्याच्यावर टेकलेलं असतं. पोटात बाळ वाढतं तसं ते पटल वर ढकललं जातं, आणि त्याबरोबर हृदयही डावीकडे कलतं, थोडं आडवं होतं. हृदय कललं की त्याच्या विजेची दिशा बदलते, आणि अंगठ्यांपाशी पोचणाऱ्या लाटेचा आकारही. हे मला माझ्या डॉक्टरांनीच आठव्या महिन्यात ईसीजी दाखवून सांगितलं होतं, घाबरू नको म्हणून.

आता कुलपाचा स्वभाव असा, की ते रोज उघडणाऱ्या माणसाबरोबर थोडं थोडं बदलतं. माणूस वयाने बदलतो, वजनाने बदलतो, म्हणून यंत्र दररोज किंचित सरकून घेतं. मी त्या महिन्यांत रोज काम केलं. माझं हृदय रोज केसभर कलत होतं आणि लॅपटॉप रोज केसभर माझ्यामागून येत होता. रुंजी झाल्यावर ते पुन्हा सरळ व्हायला लागलं. पण मिरजेला आईने खालून वर आवळून बांधलेल्या पट्ट्याने श्वासपटल वरच धरून ठेवलं होतं. मग मी सासरी आले, पट्टा सोडला, आणि रुंजीच्या रामरगाड्यात दोन महिने लॅपटॉपला हातही लावला नाही. हृदय आपल्या जागी परत गेलं. लॅपटॉप त्या गरोदर बाईची वाट बघत बसला.

"काय झालं गं?" आई पडद्यातून विचारत होती. "अशी काय बघतेस?"

"थांब, बोलू नकोस."

मी तेलकट अंगठे पुसले, पट्ट्यांवर ठेवले आणि सगळा श्वास बाहेर सोडला. अगदी तळापर्यंत. श्वास सोडला की पटल वर चढतं. मी तशीच थांबले. कीबोर्डच्या बटणांखाली अगदी पुसट उजेड आला. तितक्यात रुंजीने माझा चेहरा बघून खळखळून हसायला सुरुवात केली, मलाही हसू फुटलं, श्वास आत गेला आणि उजेड विझला.

दोन दिवसांत त्याने पहिल्यांदा हूं की चूं केलं होतं.

* * *

स्वतःचं पोट स्वतःला बांधता येत नाही. दुसरं टोक ओढणारं कुणीतरी लागतं. मी कौस्तुभला शीतगृहातून बोलावून घेतलं. माझी एक मऊ सुती साडी मधोमध फाडली. आईला मोबाइलसकट टेबलावर, वरणाच्या पातेल्याला टेकवून उभं केलं.

"जावईबापू, ओढा."

"ओढतोय, आई."

"हे ओढणं नव्हे, हे घडी घालणं झालं. ती काचेची नाही. पाय रोवा."

"तिला लागेल."

"सानिका, लागतंय का?"

"नाही. ओढ."

"बघा. खालून घ्या. खालून, खालून. आता वर. बरगडीखाली गाठ. अशी नाही, अंबाडा नाही घालायचा."

कौस्तुभला घाम फुटला होता. तो आयुष्यात पहिल्यांदाच बाळंतपणाच्या कुठल्यातरी कामात सामील होत होता, कारण मिरजेला त्या खोलीत त्याला कुणी येऊच दिलं नव्हतं. शेवटची गाठ मारून तो मागे सरकला, आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत म्हणाला, "हे तू रोज बांधून बसायचीस?"

"सव्वा महिना. आणि वर अळिवाचे लाडू."

मी खुर्चीवर बसले. अंगठे ठेवले. पाव मिनिट गेलं, अर्धं गेलं. काही नाही.

पातेल्याला टेकलेली आई पडद्याला नाक लावून बघत होती. मला वाटलं, संपलं, हे सगळं माझंच वेड.

मग मी बिघाड शोधताना करतात तेच केलं. शेवटचा चालला होता तेव्हा काय काय होतं? पट्टा होता. लॅपटॉप हाच होता. मी? मी खुर्चीवर नव्हते. आई मला खुर्चीवर बसूच द्यायची नाही. मी पलंगावर, तक्क्याला रेलून, पाय लांब करून.

"उशा आण," मी कौस्तुभला म्हटलं. "सगळ्या."

मी रेलले. पाय पसरले. पट्ट्याच्या आत पोट वर सरकलेलं जाणवलं, छातीत थोडी दाटी झाली, ती जुनी ओळखीची दाटी. अंगठे ठेवले.

बटणांखाली उजेड आला. या वेळी तो गेला नाही. पडद्यावर आधी करडा रंग उमटला, मग निळा, मग मधोमध माझा साकव, जिथे सोडला होता तिथेच, अर्ध्या चढलेल्या पाण्यावर.

"आला का?" आईने विचारलं.

"आला."

"मी काय म्हणत होते?" आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून लगेच, "रुंजीला कुणी बघतंय का तिकडे? पुन्हा पालथी पडली असेल."

रुंजी खरंच पालथी पडली होती, आणि या खेपेला साडीचं उरलेलं टोक तिच्या तोंडात होतं.

* * *

आता खरं काम होतं. कुलूप एका दमात नवा माणूस मान्य करत नाही, ते फक्त केसभर सरकतं. मग मीही त्याला केसभरच सरकवायचं ठरवलं. दर वेळी बंद करून उघडायचं आणि दर वेळी थोडं सैल. आधी उशी एक कमी. मग ताठ बसून. मग गाठ जरा ढिली. कधी मी घाई करायचे आणि तो उघडायचा नाही. मग एक पायरी मागे जाऊन पुन्हा. रुंजी दूध पिऊन झोपली की हाच उद्योग. पट्टा ढिला करताना कौस्तुभ आता आईपेक्षा कडक झाला होता. "एवढा नाही. अर्धा वळसा. तो बिचकेल."

शुक्रवारी इनामदार मॅडमना मी साकवाचं चित्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "सोमवारी भेटू," आणि थोड्या वेळाने आणखी एक, "शाब्बास."

सोमवारी समितीच्या इमारतीच्या दारात सुरक्षा रक्षकाने सगळी यंत्रं बंद करायला लावली. नियमच तसा होता. म्हणजे आत, सगळ्यांसमोर, मला तो पुन्हा उघडावा लागणार होता. कुर्त्याखाली सकाळचाच पट्टा होता, सैलसर. बाहेर गाडीत कौस्तुभ रुंजीला घेऊन बसला होता.

सभागृहात लांब टेबल. अध्यक्ष, दोन अभियंते, आणि टोकाला आंबेकोंडच्या सरपंच, सुगंधा गोताड. मला पाट देणाऱ्या बायांमध्ये त्या होत्या. मी उभी राहिले, लॅपटॉप मांडला, अंगठे ठेवले. माझं हृदय इतकं धडधडत होतं की मला ते कानात ऐकू येत होतं.

"बंद पडला का?" एक अभियंता म्हणाला. "तोवर काँक्रीटचा बघून घ्यायचा का?"

इनामदार मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी मनाशी म्हटलं, धडधडू दे. तो वेग मोजत नाही. घाबरलेलं असलं तरी हृदय माझंच आहे, आकार माझाच आहे. मी खांदे सोडले आणि सावकाश श्वास बाहेर टाकला.

"एक क्षण थांबा," मॅडम म्हणाल्या. "तिचा उघडेल."

उघडला. भिंतीवर साकव उमटला. मी पाणी चढवलं. कड्या खांबांवरून सरकल्या, रस्ता पाण्याबरोबर उचलला गेला, ओंडका आला आणि खालून निघून गेला. अभियंत्यांनी वजनाचं विचारलं, बांबूच्या आयुष्याचं विचारलं. मी उत्तरं दिली. इतक्या महिन्यांनी तोंडातून आकडे बाहेर पडताना जिभेला बरं वाटत होतं. रुंजी झाल्यापासून या जिभेला नुसते बोबडे बोलच ठाऊक होते.

मग गोताडबाईंनी विचारलं, "पाणी ओसरलं का हा परत जाग्यावर बसतो ना?"

"बसतो. पण अगदी त्याच रेघेवर नाही. बोट-दोन बोटं इकडंतिकडं होणारच. तेवढी जागा मी धरून ठेवलीय, म्हणून तो मोडत नाही."

त्यांनी मान डोलावली. "मग चालंल. एवढा पूर अंगावरून गेल्यावर तसंच्या तसं कोण राहतंय."

अभियंते हसले. मला हसता आलं नाही. अध्यक्षांनी बाजूच्या अभियंत्याशी दोन वाक्यं बोलून घेतली, मग आंबेकोंडसाठी हाच आराखडा मंजूर असल्याचं सांगितलं, आणि मोजमापांची अंतिम फाइल आजच पाठवा म्हणाले.

मी जवळजवळ पळतच गाडीपाशी आले. रुंजी भुकेने लाल झाली होती. कौस्तुभ काही विचारणार तेवढ्यात त्याला माझा चेहरा दिसला आणि त्याने नुसतीच गाडीची खिडकी वर केली. मी मागच्या सीटवर बसले, कुर्त्याखालून घामेजलेला पट्टा ओढून काढला, सीटवर टाकला आणि लेकीला जवळ घेतलं. ती एकदम शांत झाली. तिचा एक पाय माझ्या पोटावर, हवा तिथे.

"झालं?" कौस्तुभने आरशातून विचारलं.

"झालं. फक्त फाइल पाठवायचीय."

तिला हलवायचं नव्हतं, म्हणून लॅपटॉप मांडीच्या उरलेल्या कोपऱ्यात धरून मी तसेच अंगठे ठेवले. साकव समोर आला. मोजमापं जोडली, खाली माझं नाव लिहिलं, फाइल पाठवली.

कौस्तुभ आरशातून अजून बघत होता. मग तो वळला, सीटवरच्या चुरगळलेल्या पट्ट्याकडे त्याने बोट दाखवलं, आणि मला म्हणाला, "सानिका, आईंना फोन लाव. आता तरी त्यांना सांगावं लागेल, पोट न बांधताही चालतो म्हणून."